शेवंताचं नाव आणि निघोज्याचा बॉम्ब

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे माझी नखं कापणं. माझ्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, त्यामुळे उजव्या हाताची नखं मला काढता येत नाहीत. ते काम शेवंताकडे असायचं. त्या दिवशी जेवणं झाली होती. ती चष्मा लावून, माझा हात मांडीवर घेऊन बसली होती आणि टीव्हीवर चार माणसं एकदम ओरडत होती. त्यातला कोट घातलेला एकजण म्हणाला, एकदाचा अणुबॉम्ब टाका आणि विषय संपवा.

शेवंतानं नेलकटर थांबवलं. म्हणाली, "ह्याला एक दिवस आमच्या वॉर्डात आणून बसवा."

ती सरकारी दवाखान्यात आया होती. तिची सगळी नोकरी भाजलेल्यांच्या वॉर्डात गेली. स्टोव्हचा भडका उडालेल्या बाया, भट्टीवर भाजलेले कामगार, उकळतं पाणी सांडलेली लेकरं. अंगाला चिकटलेली चादर पाण्यानं भिजवून, माणसाशी बोलत बोलत कशी सोडवायची, हे तिला येत होतं. "चार माणसं एकदम भाजून आली तरी आमचे डॉक्टर धावत सुटतात," ती म्हणाली. "अख्खं शहर भाजलं तर कोण कोणाची चादर बदलणार? डॉक्टर पण त्याच शहरात राहतो ना?"

मग तिनं करंगळीचं नख काढलं, पदर झाडला आणि टीव्ही बंद केला. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. त्यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकात मंडळी प्रवासाचं लिहितात. कोणी काशी लिहिली, कोणी दुबई. मी चौथी शिकलेला, प्रेसवर पत्रा दाबत आयुष्य गेलेलं. माझा प्रवास पिंपरीजवळच्या काळेवाडीपासून चाकणजवळच्या निघोज्यापर्यंत एवढाच. पण मी तो संतापानं केला आणि अजून तो संताप उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

झालं असं. शेवंताला जाऊन तीन-एक महिने झाले असतील. नवरात्र चालू होतं. अष्टमीच्या संध्याकाळी आमच्या चाळीतला गणेश रिक्षावाला मोबाईल घेऊन आला. "काका, काकूंचं नाव लई झळकलंय बघा."

बघितलं. निघोज्याच्या एका मंडळाचा देखावा होता. देवीच्या मांडवाशेजारी दुमजली घराएवढं क्षेपणास्त्र उभं केलेलं. टोकाला लाल दिवा, पोटावर अणूचं ते काळं-पिवळं चिन्ह, मागं कापसाचा केलेला धुराचा मोठा छत्रीसारखा ढग आणि त्यात फिरणारे दिवे. खालच्या लोखंडी चौथऱ्यावर चकचकीत पत्र्याची अक्षरं होती. "कै. सौ. शेवंताबाई मारुती ढवळे यांच्या स्मरणार्थ." त्याखाली माझ्या मुलाच्या वर्कशॉपचं नाव.

विलास, माझा मुलगा, निघोज्यात राहतो. तिथंच त्याची फॅब्रिकेशनची शेड आहे. गेलेल्या माणसाच्या नावानं मंडळाला देखावा द्यायचा, मंदिराला पंखा द्यायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यानं प्रेमानंच केलं. पण आपण काय करतोय हे बघितलं नाही.

मी फोन लावला. मागं गाणी चालू होती.

"नाना, बघितलं का? अक्षरं मी स्वतः कापलीत."

"विलास, ते नाव काढ."

"काय? ऐकू येईना. उद्या या की बघायला. संध्याकाळी मोठी आरती हाय, पुढारी येणारेत, पेपरवाले येणारेत."

फोन कट.  शेवंताला वाचता येत नव्हतं. रोजचा पेपर मीच तिला वाचून दाखवायचो. तिला एकच गोष्ट वाचता आणि लिहिता यायची, ती म्हणजे स्वतःचं नाव. दवाखान्यात पगाराची सही करायला ती शिकली होती. ते नाव बॉम्बच्या पायाशी पेपरात छापून येणार होतं, भाजलेल्यांची सेवा केलेल्या बाईचं. आरतीच्या आत ते तिथून काढायचं, एवढं ठरवून मी झोपलो.

सकाळी निघालो तो खंडेनवमीचा दिवस (दसऱ्याचा आदला दिवस, या दिवशी हत्यारं आणि अवजारं धुऊन पुजतात, आणि पुजलेली वस्तू दसरा उजाडेपर्यंत हातात घेत नाहीत). काळेवाडीच्या पुलावरून पवना बघितली. पाणी दिसत नव्हतं, नुसती जलपर्णी. पुलावरच्या प्रत्येक रिक्षाला झेंडूच्या माळा, टेम्पोला केळीचे खुंट. पिंपरीहून भोसरीची बस मिळाली. तिच्या पुढच्या काचेवर हळदीकुंकवाचे पट्टे ओढलेले होते आणि ड्रायव्हर त्यातूनच रस्ता बघत होता.

"दिसतंय का रे बाबा?" मी विचारलं.

"अंदाजानं चाललंय काका," तो म्हणाला. कंडक्टर हसला.

भोसरीत उतरलो. एरवी इथं शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी शेडमधली मशीनं गप्प होती, शटर अर्धं वर केलेलं, आत धुतलेल्या लेथला कुंकू लावलेलं, नट आवळायचे पाने आणि मापाचे व्हर्नियर पाटावर मांडलेले. मला हा दिवस फार आवडतो. वर्षभर ज्यानं पोट भरलं, त्याला एक दिवस विश्रांती.

चाकणच्या बसला वेळ होता. थांब्यासमोर एक प्रेस शॉप होतं, तिथल्या मोठ्या प्रेसलाही माळ घातली होती. प्रेसला दोन अंगांना दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे माणसाचे दोन्ही हात बाहेर राहतात. पण माल लवकर निघावा म्हणून एका बटणात लाकडाची काडी खोचायची, ते दाबलेलंच ठेवायचं, आणि मोकळ्या हातानं डायमध्ये (पत्रा दाबायच्या साच्यात) पत्रा सरकवायचा, असं आमच्या काळी शेडशेडमध्ये चालायचं. सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करायचा. बोट तुटलं की विचारायचा, लक्ष कुठं होतं तुझं?

पेपरात मी अमेरिका आणि रशियाचं वाचलं, तेव्हा मला ती काडी आठवली होती. प्रत्येकानं लांबवर जाणारे किती बॉम्ब सज्ज ठेवायचे याला बांध घालणारा एक करार होता. एकमेकांकडे माणसं पाठवून तपासायचीही सोय होती त्यात. आधी ती तपासणी बंद पडली. मग कराराची मुदत गेली, आणि पुढं काय, त्याचा पत्ता नाही. शेवंताला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मग आता मोजणार कोण?"   अगोदर हेच मोठे देश सगळ्या जगाला सांगत होते, ज्यांच्याकडे बॉम्ब नाहीत त्यांनी करू नका, आम्ही आमचे कमी करत जाऊ. लोकांनी सह्या केल्या. यांनी काही वर्षं कमी केल्यासारखं केलं आणि आता पुन्हा नवे बांधायला बसलेत. आपण म्हणालो, हा दुजाभाव आहे, आम्ही सही करणार नाही. बरोबर म्हणालो. आणि मग आपणही बॉम्ब केला. शेजाऱ्यानंही केला. आता सगळे एकमेकांकडं बोट दाखवून बसलेत, ज्यांना बोटं आहेत ते.

चाकणच्या बसमध्ये शेजारी हिंगोलीकडचा एक तरणाबांड कामगार बसला. रात्रीची शिफ्ट करून, कंपनीतली पूजा उरकून, मिठाईचा डबा मांडीवर घेऊन निघाला होता. मोबाईलवर बातम्या बघत होता.

"लई टरटर करायलेत हे पाकिस्तानवाले," तो आपणहून म्हणाला. "एकदाचा टाकूनच द्यावा बघा बाबा."

"कुठं टाकायचा?"

"लाहोरवर टाकायचा, कराचीवर."

"आणि तिथून आला तर कुठं पडेल?"

त्यानं विचार केला. "पडला तर मुंबईवर पडंल. नाहीतर पुण्यावर."

"पुण्याच्या बाजूला काय आहे?"

तो हसला. "आपुनच की मायला."

"समज, तू हिंगोलीला फोन केलास, आई, मी भाजलोय, ये. ती कशानं येणार? बस कुठली, दवाखाना कुठला?"

"तुमी तर लई खोलात गेलाव बाबा," तो म्हणाला आणि मोबाईल खिशात घातला. मग माझ्या हाताकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "प्रेसवर का?"

"प्रेसवर."

त्यानं डबा उघडून पेढा पुढं केला. "आमच्याकडं आता सेन्सर हाय. हात आत गेला की मशीन बंद."

"तो सेन्सर कोणी काढायला सांगितला तर काढू नकोस."

"सांगत्यात की," तो म्हणाला. डब्याचं झाकण लावलं.

मोशीच्या पुढं गाड्यांची रांग लागली. कंटेनर, नव्या मोटारी लादलेले ट्रेलर, सगळे झेंडू बांधून उभे. मला डुलकी लागली आणि निघोज्यासाठी उतरायचा कुरुळीचा फाटा मागं गेला. जाग आली तर बस चाकणला तळेगाव चौकात. ऊन तापलेलं, दुपार होत आलेली. मला स्वतःचाच राग आला.

रस्त्याच्या कडेला एक बाई साबुदाणा वडे तळत होती, तिच्याकडे बसलो. वडा गरम, दह्याची चटणी आंबट, मिरची झणझणीत. घास पोटात गेला तसं बरं वाटलं.

"एवढ्या उन्हाचं कुठं निघालात काका?"

सांगितलं सगळं. बाईनं झारा कढईवर टेकवला. "मी काल पोरांना घेऊन बघायला गेले होते तो बॉम्ब. धाकटी घाबरली. म्हणाली, आई, ह्यातून काय निघतं? मी म्हटलं, काही नाही गं, दिवाळीत उडवतो तसलाच. खोटंच सांगितलं की. दुसरं काय सांगणार?" मग ती म्हणाली, "नाव रंगवलेलं असलं तर थिनरनं जाईल."

"पत्र्याची अक्षरं आहेत. वेल्डिंग केलेली."

"मग अवघड आहे," ती म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. वेल्डिंग काढायला ग्राइंडर लागतो, आणि आज खंडेनवमी.

सहा आसनी रिक्षानं कुरुळी फाटा, तिथून दुसरीनं निघोजे. रस्त्याच्या एका अंगाला कंपन्यांच्या भिंती, दुसऱ्या अंगाला मध्येच राहिलेला कांद्याचा तुकडा, त्यात एक म्हातारी खुरपत होती. तिच्या घरात खुरपं पुजलं नसावं, किंवा दोन असावीत. गावात जुन्या घरांचे बंगले झालेत. आणि त्या बंगल्यांच्या वर, लांबूनच, तो लाल दिवा दिसला. दिवसाही चालू होता.

विलासच्या शेडमध्ये कटर, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, सगळं ओळीनं मांडलेलं. मध्ये पाटावर ग्राइंडर, त्याच्यावर कुंकू आणि शेवंतीचं फूल. सून सुनीता हिनं पाणी आणून दिलं.

"नाव काढायचं म्हणालो होतो," मी म्हणालो.

विलास गोंधळला. "नाना, आवडलं नाही का? पहिल्याच वर्षी आपण सण करत नाही, म्हणून म्हटलं, आईच्या नावानं गावाला काहीतरी द्यावं. सगळ्या गावानं तिचं नाव वाचलं."

"कशाखाली वाचलं?"

"अहो, पत्र्याचा आहे तो. आत पोकळ आहे. खरा थोडाच आहे?"

"नाव तर खरं आहे."

 विलास ग्राइंडरकडे बघून म्हणाला, "आज उचलता येत नाही. पूजा झालीय. तुम्हीच शिकवलंत ना, मांडलेल्या हत्याराला हात लावायचा नाही म्हणून."

त्यात तो चुकत नव्हता. मांडलेली वस्तू मी कधी उचलली नाही आणि मुलाला उचल म्हणणार नव्हतो. "मग अध्यक्षांना विचारू," मी म्हणालो. "कापड टाकून झाकता येईल."

मंडळाच्या अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. गावचे जुने शेतकरी, जमीन कंपनीत गेलेली, अंगात पांढरे कपडे, बोलणं मोकळं. त्यांनी मांडवातच मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"झाकायचं म्हंता? देवीम्होरं कापड टाकायचं म्हंजी अपशकुन. आन पाव्हणं, एवढं चिडायला काय झालं? ह्यो बॉम्ब हाय म्हणून तर कोण वाकड्या नजरंनं बघत न्हाई आपल्याकडं. त्यांच्याकडं हाय, आपल्याकडं हाय, म्हणून दोघं बी दमानं घेत्यात. व्हय का न्हाई?"

"दमानं घेतात, कारण अजून कोणाचा हात घसरला नाही," मी म्हणालो. "प्रेसवर माझापण बरीच वर्षं घसरला नव्हता."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि नजर वळवली. "आवो, शस्त्रपूजा हाय. आमच्या घरात आज्ज्याची तलवार हाय, ती बी मांडलीय. शस्त्र पुजायची आपली रीत हाय."

"तलवार उद्या म्यानात जाते, आप्पा. रागाच्या भरात कोणी उपसली तर चार माणसं आडवी येऊन हात धरू शकतात. याला कोण आडवं येणार? सुटला की बोलावता येतो का माघारी? आणि सुटल्यावर उद्याची पूजा करायला कोण राहतंय, तुमच्या घरात किंवा त्यांच्या?"

"आपुन म्हनलोय की, पयला टाकणार न्हाई."

"म्हणालोय. चांगलं म्हणालोय. दर एक जानेवारीला आपण आणि ते आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतो, यांच्यावर हल्ला करायचा नाही म्हणून. भांडणं पेटलेली असली तरी देतो. माझी बायको ते ऐकून म्हणायची, तेवढी तरी अक्कल शिल्लक आहे. तुमच्या देखाव्यात ते कुठं दिसतंय? त्याचा देखावा करा, मी तिचं नाव स्वतः वेल्डिंग करतो."

"यादीचा देखावा कोण बघायला येतंय?" आप्पा म्हणाले, आणि ते खरं होतं. मग जरा थंड होऊन म्हणाले, "आज पुढारी येनार. फोटू निघू द्या. उंद्या सकाळी पूजा हलली की काय काढायचं ते काढा. म्या आडवा येनार न्हाई."

उद्यापर्यंत फोटो जिल्हाभर गेले असते. मी तिथून उठलो, तीच प्लास्टिकची खुर्ची उचलली, चौथऱ्यापाशी नेली आणि तिच्या नावासमोर ठेवून बसलो.

"नाना, हे काय?" विलास म्हणाला.

"बसायला कसलं हत्यार लागत नाही."

दिवे लागले. ढोल-ताशा आला, बायका नटून आल्या. फोटोवाला आला. "काका, जरा बाजूला होता का?"

"नाही होत."

"काका, स्पॉन्सरचं नाव झाकलं जातंय."

"ते माझ्या बायकोचं आहे. मीच झाकलंय."

पुढाऱ्यांबरोबरची माणसं कुजबुजली. एकजण माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, चला बाबा, पुढं बसवतो, मानाची जागा देतो. मी खुर्चीचे हात धरून ठेवले. खरं सांगतो, लाज वाटत होती. सगळं गाव बघत होतं आणि माझा मुलगा लांब उभा राहून खाली बघत होता. उठावं असं एकदा वाटलंही. खुर्ची एकच, नाव लांब. "शेवंताबाई" माझ्या पाठीमागं जात होतं, पण "ढवळे" उघडंच राहत होतं.

तेवढ्यात सुनीता गर्दीतून आली. नवी साडी नेसलेली. चौथऱ्याला पाठ लावून माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि पदर पसरला.

"नाना, थोडं तिकडं सरका," ती म्हणाली. "तुमच्या बाजूनं 'कै.' दिसतंय."

आरती झाली. फोटो निघाले. त्या सगळ्या फोटोंमध्ये क्षेपणास्त्र आहे, पुढारी आहेत, आणि खाली एक म्हातारा आणि एक बाई बसलेली आहेत. नाव नाही. आप्पांनी प्रसाद स्वतः आणून माझ्या हातात दिला. "लई हट्टी हायसा," म्हणाले. सुनीतालाही दिला.

त्या रात्री विलास माझ्याशी बोलला नाही. मी त्याच्या घरी पडून विचार करत होतो. हा एक बॉम्ब पत्र्याचा, त्याच्याखालून एक नाव काढायचं तर दिवस गेला, अपमान झाला, पोरगं दुखावलं. खऱ्यांच्या खाली किती जणांची नावं असतील, आणि ती काढायला कोण खुर्ची घेऊन बसणार? ज्यांनी बसायला पाहिजे ते मोठ्या मोठ्या हॉटेलात बैठका घेतात, फोटो काढतात, पुढची तारीख ठरवतात आणि उठतात. मला त्यांचा राग येतो. प्रेसच्या बटणात काडी खोचायला लावून स्वतः ऑफिसात बसणाऱ्या माणसाचा येतो, तसाच.

दसऱ्याच्या सकाळी विलासनं अंघोळ करून शेडमध्ये पूजा केली, अक्षता टाकून मांडणी हलवली. ग्राइंडरवरचं फूल काढून देवीपुढं ठेवलं. मग वायर गुंडाळून ग्राइंडर काखेत धरला आणि मला म्हणाला, "चला."

मांडवात कोणी नव्हतं, एकजण झाडत होता. विलासनं वायर लावली. तो ग्राइंडर चालवायला वाकला, पण मी तो त्याच्याकडून घेतला. त्यानं चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि वजन पेलावं म्हणून खालून हात लावला. 'कै.' पासून सुरुवात केली. ठिणग्या उडत होत्या. वेल्डिंगचे टाके तुटले की विलास पक्कडीनं अक्षर सोडवायचा, गार व्हायला ठेवायचा आणि पिशवीत टाकायचा. माझं नाव तिच्यानंतर होतं, तेही काढलं. आडनाव काढलं. खालचं वर्कशॉपचं नाव त्यानं स्वतः काढलं, मी सांगितलं नव्हतं.

मध्येच आप्पा येऊन उभे राहिले होते. मी ग्राइंडर बंद केला. चौथऱ्यावर आता एवढंच होतं: "यांच्या स्मरणार्थ." वर तो बॉम्ब, आणि 'यांच्या'च्या आधी कोणाचंही नाव बसेल अशी रिकामी, घासलेली जागा.

विलासनं पक्कड पुढं केली. "उरलेलं पण काढू?"

"नको," मी म्हणालो. "ते बरोबर आहे."

आप्पांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांनी झाडणाऱ्याला हाक मारली आणि लाल दिवा बंद करायला सांगितलं.